कळफलकाची भाषा आणि पडद्याची भाषा : मराठीच्या संगणकीय वापराची चिकित्सा

प्रास्ताविक

संगणकावरील मराठीचा विचार आपल्याकडे बहुधा एकाच प्रश्नाने सुरू होतो आणि तेथेच संपतो : संगणक मराठीत आहे काय? हा प्रश्नच सदोष आहे. संगणकाला एकच एक भाषा असते असे त्यात गृहीत धरलेले आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. आजच्या कोणत्याही विंडोज संगणकावर किमान चार निवडी स्वतंत्रपणे करता येतात. लेखनासाठी कळफलकाची भाषा, मेनू व सूचना ज्या भाषेत दिसतात ती पडद्याची भाषा, दिनांक व संख्या यांच्या मांडणीचे प्रादेशिक स्वरूप आणि युनिकोडपूर्व आज्ञावल्यांसाठी नेमलेली भाषा अशा या चार निवडी होत. लिनक्समध्ये ही विभागणी अधिक बारीक आहे. तेथे संदेश, वर्णवर्ग, अकारविल्हे, दिनांक आणि चलन यांसाठी निरनिराळ्या भाषा नेमता येतात व कळफलकाची मांडणी त्या सर्वांहून वेगळी ठेवता येते.

यांपैकी पहिल्या दोन निवडींची, म्हणजे कळफलकाची भाषा आणि पडद्याची भाषा यांची परस्परांपासून झालेली फारकत हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ही फारकत तत्त्वतः योग्य आहे. जो इंग्रजीतील मेनूला सरावला आहे त्याला मराठी लिहिता यावे, आणि ज्याला मराठी मेनू हवा आहे त्याला इंग्रजी पत्ता वा परवलीचा शब्द टंकता यावा, यात वादाचे काही नाही. परंतु तंत्रज्ञानाने दिलेल्या या मोकळिकीचे मराठीच्या व्यवहारात एका श्रमविभागणीत रूपांतर झाले आहे. मजकूर मराठी आणि आज्ञा इंग्रजी अशी ही विभागणी असून ती कोणी विचारपूर्वक ठरविलेली नाही. ती कशी घडली, तिचे लाभ कोणते आणि तिची किंमत काय, याची चिकित्सा येथे करावयाची आहे.

कळ, संकेत आणि आकार

टंकलेखन यंत्रावर कळफलक आणि कागदावर उमटणारे अक्षर यांत फारकत शक्यच नव्हती. कळ दाबली की तिच्या दांड्यावर कोरलेला आकार कागदावर उमटे. मराठी टंकलेखकाची रेमिंग्टन मांडणी म्हणूनच आकारांची मांडणी होती, वर्णांची नव्हे. 'कि' लिहिताना प्रथम वेलांटी आणि मग 'क' टंकावा लागे, कारण कागदावर वेलांटी डावीकडे येते. उच्चारात स्वर व्यंजनानंतर येतो, ही गोष्ट यंत्राच्या लेखी गैरलागू होती.

संगणक आला तेव्हा ही अडचण दूर होण्याची संधी होती आणि ती काही प्रमाणात साधलीही गेली. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या जिस्ट तंत्रज्ञानाने भारतीय लिप्यांचा विचार वर्णांच्या अंगाने केला. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट ही कळफलक-मांडणी प्रमाणित केली. तिच्यात स्वर व स्वरचिन्हे डाव्या हाताला आणि व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला आहेत. अल्पप्राण आणि महाप्राण एकाच कळीवर आहेत. 'क' ज्या कळीवर त्याच कळीवर शिफ्टसह 'ख', 'त' ज्या कळीवर तेथेच 'थ'. बाराखडी शिकलेल्या मुलाला जी व्यवस्था आधीच ठाऊक आहे तीच येथे बोटांना शिकवायची आहे. शिवाय मराठी, बंगाली, तमिळ अशा सर्व लिप्यांसाठी ही मांडणी मूलतः एकच आहे. तिच्या जोडीला आलेली इस्की संकेतप्रणाली १९९१ मध्ये आय. एस. १३१९४ या भारतीय मानकाच्या रूपाने स्थिर झाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेला होता.

या प्रणालीत कळ, संकेत आणि आकार हे तीन स्वतंत्र टप्पे आहेत. कळ दाबल्यावर यंत्राला केवळ त्या कळीचा क्रमांक कळतो. निवडलेली मांडणी त्या क्रमांकाचे वर्णसंकेतात रूपांतर करते. फाँट त्या संकेतांना आकार देतो, आणि वेलांटी डावीकडे नेण्याचे कामही तेथेच होते. लेखक उच्चारक्रमाने लिहितो आणि वाचक रूढ आकार पाहतो. कळफलकाची भाषा पडद्याच्या भाषेहून वेगळी ठेवता येते ती या स्वतंत्र टप्प्यांमुळेच.

मात्र नव्वदीच्या दशकात आणि त्यानंतरही बराच काळ आपल्या कार्यालयांनी, छापखान्यांनी आणि महाविद्यालयांनी निराळा मार्ग धरला. इंग्रजी वर्णांच्या संकेतस्थानांवर देवनागरीचे आकार बसविलेले फाँट सर्वत्र रूढ झाले. या फाँटांत लिहिलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसे, परंतु संगणकाच्या स्मृतीत तो इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक मालिका असे. फाँट बदलला की त्या मालिकेचे खरे रूप उघडे पडे. म्हणजे टंकलेखन यंत्राचीच व्यवस्था संगणकावर पुनश्च स्थापन झाली. भाषा मजकुरात नव्हतीच. ती केवळ दर्शनात होती. या मार्गाने मराठी मुद्रणाची मोठी सोय झाली आणि त्या काळाच्या मर्यादा पाहता तो पत्करणाऱ्यांना दोष देता येणार नाही. पण त्याने एक समज रुजविला : मराठी ही फाँटमधून निवडायची गोष्ट आहे. विंडोज २००० पासून मराठीची युनिकोड सोय मुख्य प्रवाहातील संगणकांवर उपलब्ध झाली, तरी हा समज पुरता गेलेला नाही. 'लेख अमुक फाँटमध्ये पाठवावा' ही सूचना त्याचीच खूण होय.

कळफलकाच्या भाषेचे तीन अर्थ

'कळफलकाची भाषा' ही संज्ञा सरसकट वापरली जाते तेव्हा तिच्यात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्याशिवाय चर्चा पुढे जात नाही.

पहिला अर्थ मांडणीचा, म्हणजे कोणत्या कळीवर कोणता वर्ण याचा. येथे युरोपातील स्थिती आणि आपली स्थिती यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. जर्मन किंवा फ्रेंच लेखकाने पडद्याची भाषा इंग्रजी ठेवली तरी त्याच्या हाताखालील कळांवर त्याच्या भाषेची अक्षरे छापलेली असतात. फ्रान्सने तर आपल्या कळफलकावर उच्चारचिन्हांकित मोठी अक्षरे सहज लिहिता यावीत यासाठी २०१९ मध्ये नवे मानक प्रसिद्ध केले. मराठी लेखकाच्या कळांवर बहुधा केवळ रोमन अक्षरे असतात. त्याचा मराठी कळफलक अदृश्य आहे. तो स्मरणात असेल तरच आहे. म्हणून मराठीसाठी मांडणीचा प्रश्न शिक्षणाचा प्रश्न ठरतो. शिकविल्याशिवाय इनस्क्रिप्ट येत नाही, आणि ती शिकविण्याची जबाबदारी मराठी विभागाची की संगणक विभागाची, हे बहुतेक ठिकाणी अनिर्णित आहे.

दुसरा अर्थ भाषेच्या शिक्क्याचा. वर्ड प्रोसेसरमध्ये ज्या भाषेचा कळफलक निवडून लिहावे त्या भाषेचा शिक्का सामान्यतः मजकुरावर बसतो. अक्षरे देवनागरीच दिसतात, म्हणून अनेक जण मराठी मजकूर हिंदीच्या कळफलकाने लिहितात. मग शुद्धलेखन-तपासणी हिंदीच्या नियमांनी होते आणि मराठीचा निम्मा शब्दसंग्रह लाल रेघांनी अधोरेखित होतो. काही युनिकोड फाँटांमध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हे आकार मजकुरावर मराठीचा शिक्का असेल तरच दिसतात. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेच्या प्रमाणीकरणात जे मराठी वळण मान्य केले ते पडद्यावर न दिसण्याचे एक कारण असे एका चुकीच्या निवडीत दडलेले असू शकते. दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी हा शिक्का अधिकच महत्त्वाचा आहे. पडदा वाचून दाखविणारी आज्ञावली कोणत्या भाषेच्या आवाजात वाचावयाचे हे अनेकदा त्यावरूनच ठरविते. मराठी परिच्छेद हिंदी आवाजात वाचला गेला तर 'ळ' असलेले प्रत्येक वाक्य परके वाटू लागते.

तिसरा अर्थ लेखनपद्धतीचा. रोमन अक्षरांत टंकून देवनागरी मिळविण्याची पद्धत आज सर्वाधिक लोकप्रिय दिसते. विंडोजनेही २०१९ मधील एका आवृत्तीपासून मराठीसह दहा भारतीय भाषांचे उच्चाराधारित कळफलक अंगभूत दिले. नव्याने लिहू लागणाऱ्यासाठी ही सोय अनमोल आहे, हे मान्यच करावे. तथापि यात लेखकाला मराठी शब्दाचे आधी रोमन स्पेलिंग करावे लागते. न आणि ण, ल आणि ळ, श आणि ष, ऱ्हस्व आणि दीर्घ हे भेद लेखकाच्या हातून निसटून सुचविलेल्या पर्यायांच्या यादीवर सोपविले जातात. लेखन म्हणजे निवडणे होते. सूचना देणारी आज्ञावली साहजिकच प्रचलित प्रमाण शब्दाला झुकते माप देते. अहिराणी ओव्या किंवा मालवणी गाऱ्हाणी संकलित करणाऱ्या विद्यार्थ्याने अशा साधनाने टंकलेखन केले, तर बोलीतील रूपाच्या जागी प्रमाण रूप येऊन बसण्याचा धोका असतो, आणि तो त्याच्या लक्षात येईलच असे नाही. लोकवाङ्मयाच्या अभ्यासकाला ही बाब क्षुल्लक वाटता कामा नये.

एक उदाहरण या तिन्ही अर्थांवर प्रकाश टाकते. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र मराठीचे खास वैशिष्ट्य आहे. 'आचार्य' मधील रफार निराळा आणि हा निराळा. 'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला' यांत अर्थच बदलतो. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. नुक्ता असलेल्या र पुढे हलन्त देऊन किंवा साध्या र पुढे हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संकेतांच्या पातळीवर ते दोन भिन्न शब्द आहेत. इनस्क्रिप्टमध्ये पहिल्या प्रकारासाठी स्वतंत्र कळ आहे. इतर साधनांतून कोणता प्रकार उमटेल हे त्या साधनाच्या घडणीवर अवलंबून राहते. शोध घेणारी प्रणाली हे दोन प्रकार एक मानत नसेल तर ग्रंथालयाच्या सूचीत एका प्रकाराने नोंदलेले शीर्षक दुसऱ्या प्रकाराने शोधणाऱ्याला सापडणार नाही. डोळ्यांना समान दिसणारी मराठी यंत्राच्या लेखी समान नसते, हा याचा इत्यर्थ.

पडद्यावरची मराठी

आता दुसरी बाजू. पडद्याची भाषा मराठी करण्याची सोय विंडोज एक्सपीच्या काळापासून आहे, आणि मुक्त आज्ञावल्यांच्या क्षेत्रातही स्वयंसेवकांनी मराठीकरणाचे मोठे काम केलेले आहे. तरीही सुशिक्षित मराठी वापरकर्ता सोय असूनही ती वापरत नाही. 'ते मराठी समजत नाही', हा त्याचा नित्याचा आक्षेप. या आक्षेपाला 'न्यूनगंड' असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ती मराठी भाषा म्हणून कशी आहे, याची समीक्षा आपण क्वचितच करतो.

पडद्यावरील शब्द सुटे असतात. अनुवादकासमोर बहुधा शब्दांची यादी येते. तो शब्द कोठे झळकणार हे त्याला नेहमी ठाऊक नसते. इंग्रजीतील 'न्यू' हा शब्द फाइलीसाठी आहे, पत्रासाठी की पानासाठी? मराठीत त्याचे नवा, नवी, नवे असे तीन भाषांतर होतात. म्हणून 'नवीन' हे लिंगानुसार न बदलणारे विशेषण सर्वत्र वापरावे लागते. हा एका परीने भाषेचा शहाणपणाचा तोडगा आहे. पण 'ओपन' साठी 'उघडा' असे लिहिले की ती आज्ञा आहे की विशेषण, हे कळत नाही. निवडलेल्या फायलींची संख्या वाक्यात मागाहून भरली जाते, तेव्हा 'एक फाइल हटवली' आणि 'पाच फायली हटवल्या' यांतील क्रियापदाचा बदल साचेबंद वाक्याला सांभाळता येतोच असे नाही. विभक्तिप्रत्ययांचेही तसेच. नावाला 'ला' किंवा 'ने' लावताना त्याचे सामान्यरूप व्हावे लागते, आणि यंत्र ते करीत नाही. त्यामुळे प्रत्यय नावापासून तुटून उभे राहतात. हे दोष अनुवादकाच्या अज्ञानाचे नाहीत. अल्पविकारी इंग्रजीसाठी घडविलेल्या वाक्यसाच्यात विकारबहुल मराठी बसविण्याचे ते परिणाम आहेत.

संबोधनाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. 'जतन करा' ही आज्ञा वापरकर्ता यंत्राला देतो. 'परवलीचा शब्द लिहा' ही सूचना यंत्र वापरकर्त्याला देते. दोन्हीकडे रूप एकच, आदरार्थी अनेकवचनाचे. इंग्रजीत क्रियापदाचे मूळ रूप दोन्ही कामे बिनबोभाट करते, कारण त्या रूपात लहानथोरपणाची नोंदच नाही. मराठीत मात्र कोणी कोणाला उद्देशून काय म्हणावे याला संकेत आहेत. आपण यंत्राला 'कर' म्हणू, कदाचित 'करावे' म्हणू. 'करा' म्हणताना आपण त्याला वडीलकी देतो. 'जतन करणे' असे धातुसाधित नाम किंवा केवळ 'जतन' असे नाम वापरले असते तर हा पेच टळला असता. असे पर्याय मराठीच्या प्राध्यापकांनी सुचवावयाचे, पण संगणकीय परिभाषा हा त्यांच्या चिंतनाचा विषय फारसा झालेला नाही.

परिभाषेतील अनेकरूपता हा आणखी एक अडसर होय. 'फाइल' साठी कोठे 'फाइल', कोठे 'धारिका', तर कोठे 'संचिका'. शिवकाळात राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला तेव्हा फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय देण्याचा पद्धतशीर प्रयत्न झाला. त्यातील काही शब्द रुजले, काही कोशातच राहिले, आणि अर्ज, कागद, दप्तर हे शब्द आजही मराठीच म्हणून नांदत आहेत. शब्द रुजतो तो रोजच्या हाताळणीने. पडद्याची मराठी आपण वापरतच नाही, म्हणून तिची घासूनपुसून दुरुस्ती होत नाही. आणि दुरुस्ती होत नाही म्हणून आपण ती वापरत नाही. हे चक्र कोठेतरी तोडावे लागेल.

फारकतीचा लाभ आणि किंमत

कळफलक आणि पडदा यांची फारकत या चक्राच्या मुळाशी आहे काय? एका अर्थी आहे. मेनू इंग्रजी ठेवून मराठी लिहिता येऊ लागल्यामुळे पडद्याच्या मराठीची निकड संपली. ही फारकत नसती तर मराठी लेखकाने अधिकाऱ्यांकडे आणि कंपन्यांकडे चांगल्या मराठी मेनूची मागणी अधिक नेटाने केली असती, असा युक्तिवाद करता येईल. परंतु तो टिकणारा नाही. फारकत नसती तर बहुसंख्यांनी मराठी लिहिणेच सोडून दिले असते. मराठी कळफलक जोडला की सारा संगणक मराठीत जाईल, या भीतीने आजही अनेक जण तो जोडण्याचे टाळतात.

ही भीती सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. विंडोजमध्ये कळफलक जोडण्यासाठी पसंतीच्या भाषांच्या यादीत मराठीचा समावेश करावा लागतो. त्या वेळी तिलाच पडद्याची भाषा करण्याचा पर्यायही पुढे येऊ शकतो. शिवाय त्या यादीत मराठी सर्वांत वर गेली तर मराठीची सोय असलेल्या काही आज्ञावल्या आणि संकेतस्थळे मराठीत दिसू लागतात. म्हणजे निवड केली लेखनाची आणि बदलले वाचन. उलट दिशेचा अनुभवही परिचित आहे. कळफलक मराठीवर राहिलेला असताना परवलीचा शब्द टंकला, तर पडद्यावर केवळ ठिपके दिसतात, आणि शब्द बरोबर असूनही तो नाकारला जातो. दोन्ही अडचणींवर उपाय आहेत. यादीचा क्रम व सुरुवातीचा कळफलक वेगवेगळे नेमता येतात, प्रत्येक खिडकीसाठी निराळा कळफलक ठेवता येतो, आणि कोणती भाषा चालू आहे हे कार्यपट्टीच्या कोपऱ्यात दिसते. पण ते ठाऊक असावे लागतात.

भ्रमणध्वनीच्या बाबतीत ही फारकत शासकीय मानकातच दाखल झाली आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने भारतात विकल्या जाणाऱ्या फोनसाठी आय. एस. १६३३३ च्या तिसऱ्या भागाची सक्ती अधिसूचित केली. त्यानुसार संदेश वाचता येण्याची सोय आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांत हवी. लिहिण्याची सोय मात्र इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एका भारतीय भाषेत असली की पुरे. वाचनाचा हक्क बावीस भाषांना आणि लेखनाचा तिघींना, असा याचा अर्थ होतो. व्यवहारात आजच्या स्मार्टफोनांवर मराठीचे कळफलक सहज मिळतात, हे खरे. तथापि किमान अपेक्षा ठरविताना वाचकाला लेखकाहून अधिक महत्त्व दिले गेले, ही बाब नोंदविण्याजोगी आहे. कोणत्याही भाषेचे केवळ वाचक उरले आणि लेखक घटले की ती भाषा ग्राहकांची होते.

हात आणि डोळा यांच्यासाठी निरनिराळ्या व्यवस्था असणे मराठीला नवे नाही. कित्येक शतके जलद लेखनासाठी मोडी आणि ग्रंथांसाठी बाळबोध असा आपला रिवाज होता. दप्तरे मोडीत लिहिली जात. मुद्रण आले आणि ते प्राधान्याने बाळबोधीत स्थिरावले. ही विभागणी सोयीची होती. पण विसाव्या शतकाच्या मध्यास मोडीचे शिक्षण थांबले, आणि पेशवे दप्तरातील रुमालच्या रुमाल वाचू शकणारे हात व डोळे थोडे उरले. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, तोवर बराच उशीर झालेला होता. विभागणी घातक नसते. दोन बाजूंमधील पूल मोडतो तेव्हा ती घातक ठरते. आज मजकुराची मराठी आणि आज्ञेची इंग्रजी यांच्यामध्ये जो पूल आहे तो इंग्रजी जाणणाऱ्या वर्गाच्या पायांखालचा आहे. ज्याला तो ओलांडता येत नाही, त्याच्यासाठी मराठी कळफलक असूनही संगणक परकाच राहतो. मेनू वाचता येत नाही म्हणून तो दुसऱ्याला लिहावयास सांगतो. त्याच्या अर्जाचा मजकूर मराठी असतो, पण लेखणी दुसऱ्याच्या हाती असते.

महाविद्यालयांच्या संदर्भात

उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात या प्रश्नाला प्रत्यक्ष परिणाम आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी. प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक केले आणि ते 'शोधगंगा' या भांडारात जमा होऊ लागले. जुन्या फाँटांत टंकित झालेला मराठी प्रबंध तेथे पाहता येतो, पण त्याच्या आत शोध घेता येत नाही. त्यातील उतारा नकलून घेतला तर रोमन चिन्हांचा गोंधळ हाती येतो. साधर्म्य तपासणाऱ्या प्रणालीला अशा मजकुरात मराठी सापडतच नाही. म्हणून 'साधर्म्य शून्य' हा तिचा निष्कर्ष संशोधकाच्या प्रामाणिकपणाचा पुरावा ठरत नाही आणि त्याच्या विरोधातही जात नाही. तो फक्त यंत्राची असमर्थता सांगतो. वर्षानुवर्षांचे मराठी संशोधन असे दिसते, पण सापडत नाही.

यावर काही मर्यादित उपाय महाविद्यालयांच्या हाती आहेत. प्रयोगशाळेतील प्रत्येक संगणकावर हिंदीऐवजी मराठीचा कळफलक जोडला जावा आणि पडद्याची भाषा वापरकर्त्याच्या खात्यानुसार निवडता यावी. पदवीच्या पहिल्या वर्षी इनस्क्रिप्टचा सराव उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमात यावा. ज्यांना उच्चाराधारित पद्धत सोयीची वाटते त्यांना तिच्या मर्यादाही सांगाव्यात. नियतकालिकांनी फाँटाचे नाव मागण्याऐवजी युनिकोड मजकूर मागावा. आणि मराठी विभागाने वर्षातून एकदा तरी एखादी आज्ञावली मराठी पडद्यासह वापरून तिच्या भाषेचे परीक्षण करावे. कादंबरीच्या अनुवादाची जशी समीक्षा होते, तशीच या अनुवादाचीही व्हावी. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही.

समारोप

कळफलकाची भाषा आणि पडद्याची भाषा स्वतंत्र असणे हे तंत्रज्ञानाचे देणे आहे आणि ते राखले पाहिजे. कोणावरही मराठी मेनूची सक्ती करून मराठीचे भले होणार नाही. मात्र स्वातंत्र्य म्हणजे दोन्ही बाजूंना खरी निवड असणे. एका बाजूस अदृश्य व न शिकविलेला कळफलक आणि दुसऱ्या बाजूस न तपासलेली, न वापरलेली परिभाषा असेल, तर त्या निवडीला निवड म्हणता येत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. भूतकाळाच्या समृद्धीला मिळालेली ती मान्यता आहे. वर्तमानातील मराठीचा कस मात्र अधिक साध्या ठिकाणी लागतो : मराठी माणूस यंत्रासमोर बसतो तेव्हा त्याला आपल्या भाषेत लिहिता येते काय, आणि यंत्र त्याला जे सांगते ते त्याला आपल्या भाषेत समजते काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आज बऱ्याच अंशी होकारार्थी आहे. दुसऱ्याचे उत्तर होकारार्थी व्हावयाचे असेल, तर पडद्यावरच्या मराठीला अभ्यासाचा आणि समीक्षेचा विषय मानण्यापासून आरंभ करावा लागेल.